बोललेलं छापून येतं, लिहिलेलं राहून जातं

निंबोडी हे इंदापूर तालुक्यातलं गाव. एप्रिल २०१३मध्ये तिथल्या सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार धरणातल्या पाण्यावरून जे बोलले, ते महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. सोलापूरकडचा एक शेतकरी उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत उपोषणाला बसला होता, त्याला उद्देशून ते बोलणं होतं. मग माफी झाली, कराडच्या प्रीतिसंगमावर आत्मक्लेश झाला. बातमी मोठीच होती आणि ज्यांनी पकडली त्यांनी चोख पकडली. पण तो माणूस उपोषणाला का बसला होता, हे त्या आठवड्याच्या मथळ्यांत शोधावंच लागतं.

बारामती-इंदापूरच्या पत्रकारितेचं बळ आणि दुखणं दोन्ही इथे दिसतं. कोण काय बोललं हे टिपण्यात आमचा बातमीदार तरबेज. कागदावर काय लिहिलंय हे वाचण्यात कच्चा.

उजनीचंच बघा. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे साधारण ६३ टीएमसी, मृतसाठा. ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, ही बातमी टंचाईच्या उन्हाळ्यात हमखास येते. वाचणाऱ्याला वाटतं, धरण आटलं. प्रत्यक्षात तेव्हाही तळाशी प्रचंड पाणी असतं. बॅकवॉटरवरचे शेतीपंप चर खणत खणत त्या पाण्यामागे जात असतात. मायनसमधलं पाणी कोणी उचलायचं, कोणाच्या परवानगीनं, वीज कोणाची तोडायची आणि कोणाची नाही, खरी बातमी तिथे सुरू होते. अन्वयार्थ लावणं म्हणजे लेखाच्या शेवटी आपलं मत चिकटवणं नव्हे. टक्केवारीमागचा हिशेब उलगडला तरी पुष्कळ झालं.

यात आवृत्त्यांनी आणखी घोळ केलाय. इंदापूरला पुणे आवृत्ती येते, पाण्यापलीकडच्या करमाळ्याला सोलापूर आवृत्ती. २०२२मध्ये उजनीतून पाणी उचलणाऱ्या लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला निधी मंजूर झाला, तेव्हा अलीकडे तो विकास होता आणि पलीकडे पाण्याची पळवापळवी. त्यात इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे त्या वेळी सोलापूरचेच पालकमंत्री. एकाच जलाशयाचे दोन्ही काठ एका पानावर आणणारा वृत्तांत मात्र दुर्मीळ. मे २०२४मध्ये पलीकडच्या कुगावहून अलीकडच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. शोधकार्याच्या बातम्या तपशीलवार आल्या. पण माणसं त्या बोटीत बसतातच का, धरणानं काठ तुटल्यावर रस्त्यानं केवढा वळसा पडतो, फेरी बोटींवर देखरेख कोणाची, हे प्रश्न शोधकार्य संपताच बरेचसे मागे पडले. पाठपुरावा हा शब्द आमच्याकडे आमदाराच्या पत्रकात जितका दिसतो, तितका बातमीत दिसत नाही.

शोधपत्रकारितेच्या वर्गात वॉटरगेट शिकवतात, त्यानंतर अरुण शौरींनी १९८१मध्ये उघड केलेलं तत्कालीन मुख्यमंत्री अंतुलेंचं प्रतिष्ठान-सिमेंट प्रकरण. शिकवावंच. मात्र मुलांची समजूत अशी होते की शोध म्हणजे कोणीतरी अंधारात आणून दिलेली फाईल. २०१२च्या सिंचन प्रकरणात विजय पांढरे या मुख्य अभियंत्याचं पत्र गाजलं खरं. पण दहा वर्षांत सिंचन अवघं ०.१ टक्का वाढल्याचा आकडा सरकारच्याच आर्थिक पाहणीत छापलेला होता. तो कोणालाही वाचता आला असता.

बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत असा कागद म्हणजे साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. प्रत्येकाचा ताळेबंद सभासदाच्या हातात पडतो. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरसकट सगळ्या सहकारी संस्था माहिती अधिकाराखाली येत नाहीत असा निकाल दिला, तेव्हापासून कारखान्याकडे अर्ज टाकून माहिती मिळवणं अवघड झालं. तरी वाट बंद नाही. पुण्यात साखर आयुक्तालय आहे, एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराच्या, थकबाकीचे आकडे तिथे निघतात, आणि ते सरकारी कार्यालय आहे. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, हा नियम १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. २०२४-२५च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये ठरले होते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. कुठल्या कारखान्याचा हा खर्च शेजारच्यापेक्षा जास्त का? इथेनॉलकडे साखर वळवल्यावर उतारा कमी दिसतो, तो धरताना किती भर घातली? छापून येतं ते एवढंच: अमुक कारखान्याची पहिली उचल इतकी, ऊसदराची कोंडी फुटली. जून २०२५मध्ये माळेगावची निवडणूक राज्यभर गाजली, ती पवार काका-पुतण्याच्या लढाईमुळे.

दोष एकट्या वार्ताहराचा नाही. तालुक्याचा वार्ताहर बहुधा तुटपुंज्या मानधनावर राबतो आणि वर जाहिराती त्यालाच आणाव्या लागतात. ज्या चेअरमनच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्याच्याच वजनकाट्याविषयी विचारायचं, हे धाडस त्याच्याकडून मागणं सोपं आणि पुण्यात बसून मागणं तर फारच सोपं. त्यातून १९८५पासून दैनिक ‘सकाळ’ची मालकी शरद पवारांचे बंधू प्रतापराव पवार यांच्या कुटुंबाकडे आहे. त्यामुळे प्रत्येक ओळ वाकडी होते असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, पण बारामतीच्या बातमीदारीचा विचार ही गोष्ट वगळून करता येणार नाही.

मग शिकायचं कुठे? माझ्या मते कारखान्याच्या वार्षिक सभेच्या मांडवात. अहवाल सभेआधी घरी येतो. बातमीदारानं तो एखाद्या जुन्या सभासदाकडून घ्यावा, मागच्या पाच वर्षांचे शेजारी ठेवावेत, तोडणी-वाहतूक, व्याज आणि ‘इतर खर्च’ या तीन रकान्यांवर पेन्सिल फिरवावी. जिथे आकडा उडी मारतो, तिथे प्रश्न लिहावा. सभेत माईक ओढला जाईल, घोषणा होतील, विषय आवाजी मतदानानं मंजूर होतील. ते सगळं दुसऱ्या दिवशी सगळीकडेच येणार आहे. प्रश्न लेखी स्वरूपात कार्यकारी संचालकाकडे द्यावेत, पोच घ्यावी, आणि उत्तर आलं नाही तर ते न आल्याची तारखेसह बातमी करावी.