पंचवीस की वीस पाच? भांडण शब्दाचं, प्रश्न मुलाच्या विचाराचा

हा विषय इस्लापुरात बोलायला सोपा आहे. तेलंगणाची हद्द जवळ. तेलुगूत पंचवीसला ‘इरवै ऐदु’ म्हणतात, म्हणजे सरळ वीस पाच. मराठीत पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र २ आधी. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहितं, तेव्हा त्याचं लक्ष नसतं असं नाही. ऐकलं त्या क्रमानं त्यानं लिहिलेलं असतं. त्याच्या चुकीला तर्क आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले. विषय समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी समजावलं, की मुलांना सोपं जावं एवढाच हेतू आहे. विरोधकांनी मराठीचा प्रश्न केला. त्या वादात ज्याच्यासाठी हे चाललं होतं ते मूलच कुणी विचारात घेतलं नाही, ही आमची पहिली तक्रार.

नारळीकरांचं निदान आम्हाला पटतं. मराठी संख्यानामं खरोखर अवघड आहेत. एकोणतीसमध्ये ‘तीस’ ऐकू येतं, लिहायचं असतं २९. एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. घरी गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला तर हे शब्दही नवे आणि क्रमही उलटा.

पण उपाय अपुरा वाटतो. शब्द सुटला म्हणजे संख्या समजली असं होत नाही. पियाजेंच्या विद्यार्थिनी कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांसमोर १६ वस्तू ठेवून ‘यातल्या १ चा अर्थ दाखव’ म्हटलं, तर बऱ्याच मुलांनी एकच वस्तू दाखवली. दहा सुट्या वस्तू मिळून ‘एक दशक’ होतं, हे मुलाला स्वतःच्या डोक्यात बांधावं लागतं. ‘वीस पाच’ घोकूनही ते राहून जाऊ शकतं.

आता गंमत बघा. आपल्याकडची मुलं उन्हाळ्यात तेंदूपानांची पुडकी बांधताना बघतात. कितीतरी पानं, पण पुडकं एक! दशकाची कल्पना याहून वेगळी काय आहे? मग वर्गात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मुलांनीच बांधावेत, सोडावेत, पुन्हा बांधावेत. ‘पंचवीस’ही म्हणावं, ‘वीस पाच’ही म्हणावं, घरचा शब्दही येऊ द्यावा.

आणि ५२ वर लाल फुली मारण्याआधी एवढंच विचारावं: ‘बाळा, हे कसं लिहिलंस?’ दुसरीतच ‘गणितात कच्चा’ हा शिक्का बसला, तर तो पुसायला पुढची सगळी वर्षं पुरत नाहीत. पुस्तक बदलायला समिती लागते. हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.