करवीरच्या नव्या राजवाड्याचें साधन म्हणून परीक्षण

जुन्या कागदाची परीक्षा कशी करावी याचे नियम आपल्या संशोधकांनीं पुष्कळ काळजीपूर्वक ठरविले आहेत. कागद कोणाच्या दफ्तरांतला, मोर्तब कोणाचें, अक्षर कोणाचें, तारीख आणि मजकूर यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हे प्रश्न विचारल्यावांचून कोणी जाणता संपादक एखादें पत्र छापावयास घेत नाहीं. वास्तूंच्या बाबतींत मात्र ही शिस्त आपण पाळीत नाहीं. वाडा भव्य दिसला, त्यांत राजे राहिले एवढें समजलें, कीं पुढें जें सांगितलें जाईल तें आपण मान डोलवून ऐकतों. कोल्हापूरचा नवा राजवाडा हें याचें ठळक उदाहरण होय. अंबाबाईच्या दर्शनास आलेला यात्रेकरू हल्लीं बहुधा हा राजवाडाहि पाहून जातो, आणि घरीं परतल्यावर सांगतो कीं, शाहू महाराजांनीं बांधलेला वाडा पाहून आलों. शाहू महाराजांचा जन्म ता. २६ जून १८७४ चा. वाड्याचें काम सुरू झालें १८७७ सालीं. कागलच्या घाटगे घराण्यांतील तीन वर्षांच्या बालकानें छत्रपतींचा वाडा बांधविला नाहीं, हें सांगावयास संशोधक नको. पण मग तो कोणासाठीं व कोणत्या प्रसंगांत बांधला गेला, हा प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर वाड्याच्या शोभेपेक्षां फार निराळ्या प्रकारचें आहे.

त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं विलायतेस गेले. परतीच्या वाटेवर ता. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं, ऐन तारुण्यांत, त्यांचें देहावसान झालें. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचें दहन झालें, व तेथील ‘काशीने’ नांवाच्या सार्वजनिक उद्यानांत १८७४ सालीं त्यांची छत्री उभारण्यांत आली. छत्रीखालीं महाराजांचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सकर त्या जागेस ‘इंडियानो’ म्हणजे हिंदी माणसाची जागा म्हणूनच ओळखतात. विसाव्या शतकांत जवळ बांधलेल्या मोठ्या पुलालाहि तेंच नांव पडलें. महाराजांची प्रवासांतील इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यानें १८७२ सालीं संपादून प्रसिद्ध केली. ती वाचतांना ग्रंथ राजाचा असला तरी पाठ संपादकाच्या हातून गेलेला आहे, हें विसरूं नये. प्रस्तुत विषयास महत्त्वाची गोष्ट ही, कीं त्या छत्रीचा आराखडा काढणारा मेजर चार्लस मँट हाच पुढें नव्या राजवाड्याचा शिल्पी झाला. कोल्हापुरांतील टाउन हॉल (१८७२–१८७६) आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे हल्लींचें छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय, हींहि त्याचींच. दिवंगत राजाची छत्री आणि त्याच्या दत्तक वारसाचा वाडा, दोन्ही एकाच हातचीं आहेत.

हा दत्तक वारस म्हणजे भोसले कुळांतील नारायणराव. १८७१ सालीं त्यांस दत्तक घेऊन शिवाजी हें नांव दिलें. कोल्हापुरांत त्यांना चौथे शिवाजी म्हणतात. मूळपुरुष शककर्ते शिवाजी महाराज धरून मोजणारे अंक बदलतात, आणि त्या घोळांत एकाचीं कृत्यें दुसऱ्याच्या नांवावर चढलेलीं वाचावयास मिळतात. म्हणून या लेखांत मीं त्यांचें पूर्वनामच वापरलें आहे. वाड्याचा पाया घातला तेव्हां नारायणराव सुमारें चौदा वर्षांचे होते. सर्व सत्ता पोलिटिकल एजंट आणि कारभारी यांच्या हातीं होती. पुढें १८८२ पासून कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे रीजंट झाले. म्हणजे वाडा बांधविणारा हात छत्रपतींचा नव्हे, अज्ञान छत्रपतींच्या नांवानें चालणाऱ्या कारभाराचा आहे. खर्चाचा आंकडा सामान्यतः सुमारें सात लक्ष रुपये सांगतात. ज्याच्या नांवें ही रक्कम खर्ची पडली त्याची संमति कोणी विचारली असेल असें त्या काळच्या रिवाजावरून वाटत नाहीं.

यापुढील वर्षें नीट लक्षांत ठेवावींत. १८८१ सालीं मँट वारला. त्याचा बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा चिझम यानें पुरा केला. गणितांत चूक होऊन आपल्या इमारती कोसळतील या धास्तीनें मँटला वेड लागलें, अशी एक गोष्ट बडोद्याकडे सांगतात व प्रवासवर्णनें ती उतरून घेतात. गोष्ट सांगणारे कागद दाखवीत नाहींत, आणि इमारती तर सव्वाशेंहून अधिक वर्षें उभ्या आहेत. तिला आख्यायिकेहून अधिक मान देऊं नये. दुसऱ्या वेडाची गोष्ट मात्र अशी सोडून देतां येत नाहीं. नारायणराव वेडे झाल्याचें सरकारी रीत्या सांगण्यांत येत होतें. केसरी व मराठा या पत्रांनीं त्यांचा छळ होत असल्याचा आरोप केला. कारभारी माधवराव बर्वे यांनीं अब्रूची फिर्याद लावली. आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांना शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर आरोपाची भिस्त होती तीं न्यायालयांत बनावट ठरलीं. पुढच्याच वर्षीं, ता. २५ डिसेंबर १८८३ रोजीं, अहमदनगरच्या किल्ल्यांत नजरकैदेंत असतां ग्रीन नांवाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटींत नारायणरावांचा अंत झाला. त्या वेळीं ते वीस वर्षांचे होते.

या प्रकरणावर लिहिणाऱ्यांकडून एक तर्कदोष वारंवार घडतो, तो येथेंच दाखवितों. पत्रें बनावट ठरलीं एवढ्यावरून छळाची शंका निराधार ठरत नाहीं. आणि नगरास जें घडलें तेवढ्यावरून तीं पत्रें अस्सल ठरत नाहींत. कागदाची सत्यता आणि घटनेची सत्यता या दोन गोष्टी आहेत. हस्तलिखितें जमविणाऱ्या गृहस्थांनीं तर हा खटला मुळांतून वाचावा. चांगल्या हेतूनें वापरलेला खोटा कागद खऱ्या दुःखाची बाजू कशी लंगडी करतो, हें त्याहून स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाहीं.

१८८४ सालीं वाडा पुरा झाला. त्याच सालीं ता. १७ मार्च रोजीं आबासाहेब घाटगे यांचे चिरंजीव यशवंतराव दत्तक होऊन शाहू छत्रपति झाले. अधिकार त्यांना ता. २ एप्रिल १८९४ रोजीं मिळाले. म्हणजे ज्यानें वाडा योजिला तो, आणि ज्याच्या कारकीर्दींत तो उभा राहिला तो, असे दोघेहि तो पुरा झालेला पाहण्यास राहिले नाहींत. पोथीच्या शेवटीं लेखक पुष्पिका लिहितो: अमक्यासाठीं, अमक्यानें, अमक्या शकीं लिहिली. नव्या राजवाड्याची पुष्पिका वर दिलेल्या चार-पांच सालांत आहे. ती न वाचतां जो केवळ चित्रें पाहून पोथी मिटतो त्याला ग्रंथ समजला असें म्हणतां येत नाहीं.

आतां वास्तूकडे वळूं. घोटीव काळ्या दगडाचें बांधकाम, मध्यें अष्टकोनी मनोरा व त्यावर घड्याळ, भोंवतीं कमानी, घुमट्या, कोपऱ्यांवरील बुरुज, सभोंवार बाग. वर्णन करणारे बहुधा ‘जैन, हिंदु व मुसलमानी शैलींचा संगम’ असें लिहून मोकळे होतात. संगम हा शब्द मला मान्य नाहीं. आराखडा पाहिला तर तो युरोपीय पद्धतीचा, दोन्ही अंगें सारखीं असलेला आहे. त्यावर गुजराथ-राजपुतान्याकडील कोरीव काम आणि येथील वाड्यांचें कांहीं वळण चढविलें आहे. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर हा द्वंद्व समास आहे: पदें शेजारीं शेजारीं बसलीं, प्रत्येकाचा अर्थ सुटा राहिला. दरबाराच्या दालनांत मात्र तीं पदें एकमेकांत मुरलीं आहेत. दोन मजले उंचीचें तें दालन, देवळासारखे कोरीव खांब, वरची सज्जा आणि मधून गाळून येणारा उजेड यांचा एकच अर्थ होतो. वाड्यांतील उत्तम भाग हाच, आणि मँटला एतद्देशीय कारागिरांच्या हातांविषयीं खरी समज होती याचा पुरावाहि हाच.

त्या दालनाच्या रंगीत कांचांवर शिवचरित्रांतील प्रसंग चितारलेले आहेत. पाहणारे तेथें हात जोडतात, तें योग्यच; पण कोणी लेखक त्यावरून शिवकालीन पोषाख किंवा शस्त्रें ठरवूं लागला तर त्याला थांबविलें पाहिजे. हीं चित्रें सतराव्या शतकाचीं साधनें नव्हेत. ज्या पिढीनें तीं बसविलीं ती पिढी आपल्या पूर्वजाची मूर्ति कशी कल्पीत होती, याचीं तीं साधनें आहेत, आणि त्या कामीं मोलाचीं आहेत.

मनोऱ्यावरील घड्याळाविषयीं चार शब्द लिहितों, कारण त्याकडे कोणी साधन म्हणून पाहत नाहीं. जुना राजवाडा भवानीमंडपाशीं आहे. तेथें वाड्याच्या पोटांत कुलदेवता आहे व दारावर उंच नगारखाना आहे. प्रहराप्रहराला चौघडा झडावा आणि गांवानें वेळ ओळखावी, अशी ती योजना. नव्या राजवाड्यांत नगारखान्याची उंची घड्याळानें घेतली. कचेरीच्या तासांवर चालणाऱ्या कारभारानें बांधलेला हा वाडा आहे, हें कोणत्याहि दफ्तराइतकें हा मनोरा सांगतो. दोन्ही राजवाडे एकाच दिवशीं, आधीं जुना व मग नवा, या क्रमानें पाहणाऱ्यास हा भेद आपोआप दिसेल.

वाड्याच्या तळमजल्यावरील शहाजी छत्रपति वस्तुसंग्रहालय १८८४ चें नाहीं. तें १९७४ सालीं सुरू झालें, आणि वरचा भाग छत्रपति घराण्याच्या निवासासाठीं राहिला. ज्यांच्या नांवें तें आहे ते शहाजी महाराज १९४७ सालीं गादीवर आले, आणि ता. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तेव्हां आज आपण पाहतों त्यांत तीन थर आहेत: रीजन्सीनें बांधलेली वास्तु, शाहू महाराज व त्यांच्या मागून आलेले छत्रपति यांच्या राहणीच्या वस्तु, आणि संस्थान गेल्यानंतर केलेली मांडणी. शस्त्रें, पोषाख, चांदीची अंबारी, शिकारींतील पेंढा भरलेलीं जनावरें हीं एका रांगेंत पाहतांना हे थर मिसळून जातात. वाघ पाहून मुलें खूष होतात. तें असो. औरंगजेबाची म्हणून एक तलवार तेथें दाखविली जाते. अशा वस्तूच्या बाबतींत घराण्याची परंपरा हा पुरावाच आहे, तो मीं तुच्छ मानीत नाहीं. परंतु परंपरा केव्हांपासून लिहून ठेविलेली सांपडते, जामदारखान्याच्या कोणत्या यादींत ती तलवार प्रथम येते, पात्यावर लेख असल्यास काय आहे, हें सांगितल्यावांचून तो पुरावा अर्धाच राहतो. शिलेखान्याच्या नोंदी हा आपल्याकडील संस्थानी दफ्तरांचा नेहमींचा भाग आहे. वस्तु आणि नोंद यांची गांठ घालून देणें हेंच संग्रहालयाचें पहिलें कर्तव्य.

ही गांठ पडली म्हणजे काय होतें, हें पाहण्यास फार दूर जावयास नको. टाउन हॉलच्या बागेंत जावें. मँटच्याच त्या इमारतींत १९४९ पासून कोल्हापूरचें दुसरें वस्तुसंग्रहालय आहे. बाग सार्वजनिक असल्यानें संध्याकाळीं तेथें मुलांचा गलबला असतो, आणि झाडांखालीं मांडलेल्या जुन्या शिल्पांशेजारीं लोक भेळ खात बसतात. मला त्यांत वावगें वाटत नाहीं. आंत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सांपडलेल्या वस्तु आहेत. प्राध्यापक कुंदणगार यांनीं तेथें प्रथम खणून पाहिलें, व पुढें १९४५–४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें सांकळिया आणि दीक्षित यांनीं शिस्तवार उत्खनन केलें. त्यांचा वृत्तांत १९५२ सालीं छापून निघाला. पोसायडन या यवनांच्या समुद्रदेवतेची तेथील वीतभर उंचीची कांस्यमूर्ति जगभर प्रसिद्ध आहे. ती बाजारांत मिळाली असती तर एक शोभेची वस्तु झाली असती. ती पंचगंगेकांठच्या टेकडींत सांपडली हें ठाऊक असल्यामुळें, सातवाहनकालीं करवीरचा रोमन व्यापाराशीं संबंध होता या विधानाचा ती आधार झाली आहे. छत्रपतींची तलवार या मूर्तीहून कमी योग्यतेची नाहीं; तिला तेवढाच आधार मिळाला पाहिजे.

साधनें छापण्याच्या बाबतींत कोल्हापूर मागें नाहीं. शिवाजी विद्यापीठानें आप्पासाहेब पवार यांच्या संपादनाखालीं ताराबाईकालीन कागदपत्रें काढलीं. राजर्षि शाहू महाराजांचीं कागदपत्रें विलास संगवे प्रभृतींनीं काढलीं, त्यांचा पहिला खंड १८८४ पासून सुरू होतो. या दोन मालांच्या मध्यें जीं वर्षें पडतात, त्यांतच १८७१ ते १८८४ हीं वर्षें येतात: नारायणरावांचें दत्तविधान, वाड्याचें बांधकाम, वेडाचा वाद, नगरचा मृत्यु. पुराभिलेखागारांतील संस्थानी दफ्तरांतून या तेरा वर्षांची निवड, मराठी व इंग्रजी दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून, एका खंडांत छापली जावी. बांधकामाकडील कागदांत गवंडी, पाथरवट, सुतार यांचीं नांवें जेवढीं मिळतील तेवढीं द्यावींत. मँटचें नांव सर्वांस ठाऊक आहे, दगड घोटणाऱ्यांचें एकहि नाहीं.

तोंपर्यंत वाड्याच्या दारांत, तिकिटाच्या खिडकीशेजारीं, ठळक मराठी अक्षरांत एवढा मजकूर असावा: आरंभ १८७७, शिल्पी मेजर मँट, मृत्यु १८८१, ज्यांच्या कारकीर्दींत बांधला ते नारायणराव ऊर्फ शिवाजी छत्रपति, अहमदनगर येथें मृत्यु ता. २५ डिसेंबर १८८३, समाप्ति १८८४. शाहू महाराजांचें नांव त्याखालीं, या वाड्यांत वाढलेले व राज्य केलेले छत्रपति म्हणून, यावें.