पवईतला भाडेकरू आणि गप्प बसलेला कायदा

पवईत आयआयटीच्या आसपास फ्लॅट शोधायला गेलं की एजंट आधी काय विचारतो? भाडं किती परवडेल ते नंतर. आधी आडनाव, लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का. मग, ‘सोसायटीत चालत नाही हो.’

कायदा इथं काय करतो? १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा म्हणतो, ती जबाबदारी घरमालकावर टाकतो. पण नकार येतो तो कराराआधी, आणि तिथं हा कायदा गप्प. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी-तलाव आहेत. वाचताना १९२७ चं महाड आठवतं. तळं आलं, राहतं घर मात्र यादीत आलं नाही.

२००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा ‘सभासद पारशीच’ हा उपविधी वैध धरला. माझा आक्षेप असा, की संस्थेचं संघटना-स्वातंत्र्य तोललं गेलं. दाराबाहेर राहिलेल्या माणसाचं नुकसान तराजूत फारसं आलंच नाही. शिवाय तो निकाल नोंदलेल्या उपविधीबद्दल, सभासदत्वाबद्दल आहे. भाडेकरूला ऐकवला जाणारा ‘नियम’ बहुतेकदा तोंडीच असतो.

अमेरिकेनं १९६८ मध्ये वंश, धर्म पाहून घर भाड्यानं नाकारणं बेकायदा ठरवलं. भेदभाव संपला नाही. पण तक्रार कुठं करायची, हे तरी ठरलं. आपल्याला निदान तेवढं हवं.