सिद्धगड आणि 'अतिरेका'ची संज्ञा

'अतिरेकी' ही संज्ञा वर्णनपर भासली तरी ती निवेदकाचे स्थानही सूचित करते. मुरबाड तालुक्यातील सिद्धगड हे याचे उदाहरण होय. विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता वसाहतिक शासनाच्या लेखी गुन्हेगार होता. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पडलेले भाई कोतवाल व हिराजी पाटील स्वतंत्र राज्याच्या कथनात हुतात्मे ठरले.

ठाणे जिल्ह्यातीलच वारल्यांच्या उठावाबाबत हे स्थानांतर अपुरे राहिले. स्वतंत्र भारतातही परुळेकर दांपत्याला कारावास घडला. पुढे गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाला साहित्य अकादमीने १९७२ साली गौरविले. राज्य आणि साहित्यव्यवहार यांची वाचने येथे परस्परांपासून दुरावतात.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे. त्यातील बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत उच्चारलेले व लिहिलेले शब्दही येतात. हिंसेला दंड करणे हे राज्याचे कर्तव्यच. परंतु शब्दाला कृत्य मानताच राज्य स्वतः वाचक बनते आणि त्या वाचनाची चिकित्सा समीक्षेला टाळता येत नाही.