बटणाचा उगम : एका दाव्याची चिकित्सा

बटणाच्या शोधाचे श्रेय सिंधू संस्कृतीला देण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. मोहेंजोदडो येथील छिद्रे पाडलेल्या शिंपल्यांच्या चकत्या हा त्याचा आधार होय. तथापि, त्या प्रामुख्याने अलंकरणासाठी वस्त्रावर शिवल्या जात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अलंकार आणि बंधक यांतील हा भेद अभिमानापोटी पुसला जातो, ही खरी उणीव. फासा किंवा काज यांवाचून चकती बटण ठरत नाही. आणि काजांचा प्रसार युरोपात, विशेषतः जर्मनीत, १३ व्या शतकात झाला. आपल्या अंगरख्याला बंद असत. येथे भाषेची साक्षही बोलकी आहे : ‘बटण’ इंग्रजीतून आले, तर ‘काज’ पोर्तुगीज ‘काझा’वरून. त्या शब्दाचा मूळ अर्थ घर.