एका सुराचे तीन ठोके

योहानेस ब्राम्सचा ओपस ७८ हा सोनाटा 'पावसाचा सोनाटा' म्हणून ओळखला जातो. हे नाव ब्राम्सनं दिलेलं नाही. छापील प्रतीवर 'पियानोफोर्ते आणि व्हायोलिनसाठी सोनाटा' एवढंच आहे. त्यात पियानोचं नाव आधी येतं, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पाऊस आला तो एका गाण्यातून. १८७३ साली ब्राम्सनं क्लाउस ग्रोट या कवीच्या दोन कवितांना एकाच चालीवर बेतलेलं संगीत दिलं होतं. पहिलीत पावसाच्या आवाजानं बालपण जागं होतं, दुसरीत झाडावरून ठिबकणारं पाणी आणि गालावरचे अश्रू एकमेकांत मिसळतात. त्याच चालीनं सोनाट्याचा तिसरा भाग सुरू होतो.

पुढची कथा पाश्चात्त्य संगीतावरच्या बहुतेक लेखांत सापडते. क्लारा शूमान यांचा मुलगा फेलिक्स हा ब्राम्सचा धर्मपुत्र. तो कविता करी, व्हायोलिन वाजवी. क्षयानं तो १६ फेब्रुवारी १८७९ रोजी, चोविसाव्या वर्षी गेला. त्याच महिन्यात ब्राम्सनं क्लाराबाईंना एक कागद पाठवला. त्यावर या सोनाट्याच्या संथ भागाची सुरुवात लिहिलेली होती, आणि मागे, आपण तुमचा, फेलिक्सचा आणि त्याच्या व्हायोलिनचाही किती विचार करतो हे यातून कळेल, अशा अर्थाचा मजकूर. हे सगळं खरं आहे, आणि हृदयद्रावकही आहे. माझी तक्रार पुढच्या उडीबद्दल आहे. 'म्हणून हे संगीत रडवतं' असं लिहून लेखक मोकळा होतो. सोनाट्याचं काम प्योर्टशाख या तळ्याकाठच्या गावी १८७८च्या उन्हाळ्यातच सुरू झालं होतं. शिवाय ज्याला फेलिक्स माहीत नाही, जर्मनचा गंध नाही, त्याचेही डोळे हे ऐकताना भरून येतात. ते कशानं, याचं उत्तर चरित्रात मिळत नाही.

आपल्याकडे एक सोपं उत्तर तयार असतं: व्हायोलिन गातं. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी गायकी अंगानं वाजवलेलं ऐकत वाढलेल्या कानाला ते पटतंही. ओळखीची बंदिश वाजली की शब्द आपणच मनात म्हणतो. क्लाराबाईंचंही तसंच झालं असणार. तिसऱ्या भागात आपली आवडती चाल ओळखून त्या रडल्या, आणि या भागानं परलोकाच्या वाटेवर आपल्याला सोबत करावी अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली. पण ज्याला मुळात शब्दच ठाऊक नाहीत, त्याचं काय? आणि पियानोचं काय? त्याला मींड नाही, श्वास नाही. तरी तो काढून घेतला तर या सोनाट्यातली व्यथा पातळ होते, हे कुणीही नुसता व्हायोलिनचा भाग वाजवून पाहावं.

माझ्या मते गोम दोन वाद्यांच्या स्वभावात आहे. पियानोचा सूर जन्मतो त्या क्षणापासून विझत जातो. हातोडी तारेवर आपटली की वादकाला त्याचं पुढं काही करता येत नाही. व्हायोलिनचा सूर गज चालेल तोवर जगतो, फुगतो, बारीक होतो. एकाला धरून ठेवता येतं, दुसऱ्याला येत नाही. ब्राम्सनं हा फरक लपवला नाही, त्यावरच रचना उभारली. तिसऱ्या भागात पियानोचे बारीक, पळते सूर थेंबांसारखे पडत राहतात, प्रत्येक थेंब लगेच संपतो, आणि त्यावर व्हायोलिन एक लांब ओळ ताणून धरतं. हे ऐकायला पावसाची कल्पना करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट आणखी साधी आहे. पहिल्या भागात पियानोच्या हलक्या स्वरसंघांवर व्हायोलिन येतं ते 'डी' या एकाच सुराचे तीन ठोके घेऊन: लांब, आखूड, लांब. मूळ गाण्याची सुरुवातही नेमकी याच ठोक्यांनी होते. पहिल्या भागात मेजरचा उजेड असल्यामुळे ते हाक मारल्यासारखे वाटतात. संथ भागाच्या मध्यावर तोच लांब-आखूड ठेका अंत्ययात्रेच्या पावलांसारखा जड होऊन येतो. तिसऱ्या भागात जी मायनरमध्ये तेच तीन 'डी' येतात, आणि आता आपण त्यांना ओळखतो. कथा ठाऊक नसलेल्या श्रोत्याला इथे स्मृती मिळते ती अर्ध्या तासात याच संगीतानं तयार केलेली. गाणं मूळचं, सोनाट्याच्या आधीचं. पण ऐकताना ते शेवटी सापडतं, जणू पहिल्यापासून आपण त्याच्याकडेच चाललो होतो. ही उलटी मांडणी मला फेलिक्सच्या कथेपेक्षा अधिक हलवते.

वादकांनी इथे जरा जरी अधिक लाडिकपणा केला तरी सगळं बिघडतं. अडॉल्फ बुश आणि रुडॉल्फ सेर्किन यांचं जुनं, खरखरणारं ध्वनिमुद्रण मी म्हणूनच पुन्हा पुन्हा काढतो. बुश कंप जपून वापरतात, सूर साधा ठेवतात. सेर्किन मागे राहत नाहीत.

क्लाराबाईंना पाठवलेल्या त्या कागदाकडे आता निराळं पाहता येतं. संथ भागाची सुरुवात एकट्या पियानोची आहे. व्हायोलिन नंतर येतं. क्लाराबाई पियानोवादक होत्या. कागद पुढ्यात ठेवून त्या वाजवायला बसल्या असतील, तर पहिल्या काही ओळींना कुणाचीच गरज नव्हती. व्हायोलिनच्या ओळी मात्र डोळ्यांनीच वाचायच्या होत्या. हीच धून तिसऱ्या भागात पावसाच्या मधोमध परत येते, आणि त्या वेळी ती सर्वांत आधी व्हायोलिनवर, एकदम दोन तारांवर वाजते.