कौटिल्याचीं ‘संरुद्धिका’सूत्रें : एक अर्थविचार

पं. नेहरू ह्यांनीं अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत असतां १९४४ सालीं लिहिलेल्या ‘भारताचा शोध’ ह्या ग्रंथांत कौटिलीय अर्थशास्त्राचा परामर्श आहे. तो वाचतांना, कोंडलेल्या माणसाची ह्या शास्त्रांत काय गति, हें पाहण्याची इच्छा आम्हांस झाली व कंटकशोधनाच्या नवव्या अध्यायाशीं आम्ही थबकलों.

कोठडींतील स्त्रीस तेथें ‘संरुद्धिका’ म्हटलें आहे. तिच्याशीं दुर्वर्तन करणाऱ्यास, ती दासी वा गहाण पडलेली असल्यास पूर्वसाहस, ‘चोरडामरिका’ची भार्या असल्यास मध्यम आणि आर्या असल्यास उत्तम साहसदंड सांगितला आहे. शामशास्त्री ह्यांनीं १९१५ च्या इंग्रजी भाषांतरांत डामर म्हणजे सांथ असें मानून ही भार्या सांथींत मेलेल्याची विधवा ठरविली. हा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. अमरानें ‘डमर’ शब्द डिंब व विप्लव ह्यांच्या पंक्तीस बसविला आहे. तेव्हां डामरिक म्हणजे दंगेखोर. शिवाय नवरा सांथींत गेला म्हणून बायकोस कोण कोंडील? चोर हातीं लागला नाहीं म्हणजे त्याची बायको धरून आणावयाची, ह्या रीतीचाच हा पुरावा आम्हांस वाटतो.

पुढील सूत्र अवेळीं पकडलेल्या स्त्रीविषयीं आहे. ती आर्या असल्यास, शामशास्त्र्यांच्या मतें, अधिकाऱ्यास तेथेंच देहान्त. दासी असल्यास पुन्हां पूर्वसाहस, म्हणजे ४८ ते ९६ पण! रात्रीच्या कोठडीचें भय शास्त्रकारानें ओळखलें, पण दासीपाशीं त्याचें शास्त्र अडखळलें.

हें जुनें म्हणून हंसण्यासारखें नाहीं. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या ठाण्यांत, भावाच्या तक्रारीवरून आणलेल्या एका आदिवासी मुलीस जबाबानंतर मागें ठेवून घेतलें गेलें. हाच पुढें गाजलेला मथुरा खटला. सत्र न्यायालयानें मुलीच्या पूर्ववर्तनावर बोट ठेवून पोलिसांस सोडलें. नागपूर खंडपीठानें त्यांस दोषी ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं, अंगावर जखमा नाहींत, प्रतिकाराची खूण नाहीं, म्हणून पुन्हां सोडलें. दासी आणि आर्या हा भेद शब्दांनीं गेला, मनांतून गेला नव्हता. उपेन्द्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार ह्या चौघांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस लिहिलेलें खुलें पत्र ह्या निकालाचें खरें खंडन होय.

१९८३ च्या दुरुस्तीनें ताब्यांतील स्त्रीवरील बलात्कार हा वेगळा अपराध झाला. संबंध सिद्ध झाल्यावर, संमति नव्हती असें स्त्रीनें सांगितलें तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असेंही ठरलें. दर्जाचा प्रश्नच तेथें उरत नाहीं; ही सुधारणा कौटिल्याच्या पुढची आहे. २००५ च्या दुरुस्तीनें सूर्यास्तानंतर स्त्रीस अटक करण्यास, अपवादात्मक प्रसंग सोडून, मनाई केली. येथें मात्र ‘अक्षणगृहीते’ची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं.

ज्या संग्राहकांपाशीं अर्थशास्त्रावरील एखादी जुनी टीका असेल, त्यांनीं तींतील ‘डामरिक’ शब्दाचें विवरण आम्हांस कळवावें. ती भार्या पतीच्या अपराधापायीं कोंडली होती कीं स्वतःच्या, हें त्यावरून ठरवितां येईल.